टीव्ही ट्यूनरचे स्कॅन पूर्ण होते, पण एकही वाहिनी सापडत नाही : नाशिकमधील घरांसाठी समस्या निवारण

संगणकाला टीव्ही ट्यूनर, म्हणजे टीव्हीचा सिग्नल संगणकावर दाखवणारे यंत्र, जोडला, सॉफ्टवेअर बसवले, स्कॅनचे बटण दाबले, पट्टी शंभर टक्क्यांपर्यंत सरकली आणि शेवटी ‘सापडलेल्या वाहिन्या : ०’ एवढेच उत्तर आले, ही तक्रार गेल्या काही वर्षांत नाशिकमधल्या निरनिराळ्या घरांतून माझ्याकडे इतक्या वेळा आली आहे की तिचे निवारण एकदा सविस्तर लिहून ठेवणे मला आवश्यक वाटते. अशा वेळी बहुतेक जण पुन्हा स्कॅन करतात, मग ड्रायव्हर काढून परत बसवतात, मग सॉफ्टवेअर बदलतात, आणि तरीही शून्य कायम राहिले की ट्यूनर बिघडला असे ठरवून मोकळे होतात. माझ्या पाहण्यात आलेल्या ट्यूनरपैकी खरोखर बिघडलेले फार थोडे निघाले. स्कॅन करताना ट्यूनर एकेका फ्रिक्वेन्सीवर जातो आणि तिथे आपल्याला उलगडता येईल असा सिग्नल आहे का, एवढेच तपासतो. वायरीतून तसा सिग्नल येतच नसेल, तर दहा वेळा स्कॅन करूनही उत्तर बदलणार नाही. म्हणून माझा आग्रह असा की स्कॅनचे बटण सर्वांत शेवटी दाबावे. त्याआधी आपल्या वायरीत नेमके काय येते आणि आपल्या ट्यूनरला नेमके काय समजते, या दोन गोष्टी ठरवाव्यात.

आधी ट्यूनरची जात ओळखा

घरात जुन्या संगणकाच्या आत बसवलेले पीसीआय कार्ड असेल, तर ते बहुधा ॲनालॉग कार्ड असते. गच्चीवरच्या अँटेनाने दूरदर्शन पकडण्यासाठी किंवा जुन्या केबलची वायर थेट लावण्यासाठी ही कार्डे घेतलेली असत, आणि त्या काळात ती उत्तम चालत. आता ते दोन्ही मार्ग बंद झाले आहेत. केबलच्या डिजिटायझेशनच्या दुसऱ्या टप्प्यात देशातील ३८ शहरांमध्ये नाशिकचा समावेश होता आणि त्याची मुदत ३१ मार्च २०१३ ही होती. तेव्हापासून केबलच्या वायरीतून डिजिटल आणि कुलूपबंद, म्हणजे एन्क्रिप्टेड, सिग्नल येतो. दूरदर्शनची जमिनीवरची ॲनालॉग प्रक्षेपण केंद्रेही, सामरिक महत्त्वाच्या मोजक्या ठिकाणांचा अपवाद सोडल्यास, २०२२ पर्यंत देशभर बंद करण्यात आली. त्यामुळे आज नाशिकमध्ये ॲनालॉग कार्डाने अँटेनावर किंवा थेट केबलवर केलेले स्कॅन शून्य दाखवते, तेव्हा ते कार्ड खरेच सांगत असते.

केबलची वायर थेट लावण्यासाठी डीव्हीबी-सी प्रकारचा ट्यूनर घेतला, तर स्कॅनमध्ये वाहिन्यांची लांबलचक यादी मिळते, पण प्रत्येक नावापुढे कुलपाचे चिन्ह असते आणि पडदा काळा राहतो. हे कुलूप केबलचालकाच्या सेट टॉप बॉक्समधील कार्डानेच उघडते. सॉफ्टवेअरमध्ये त्यावर कोणताही वैध उपाय नाही, म्हणून तिथे वेळ घालवू नये.

ॲनालॉग कार्ड मात्र टाकून देण्याचे कारण नाही. अशा कार्डाच्या मागे बहुधा कॉम्पोझिट इनपुटची सोय असते. सेट टॉप बॉक्सची पिवळी पिन तिथे लावावी, लाल आणि पांढरी पिन साऊंड कार्डच्या लाइन-इनमध्ये द्यावी, सॉफ्टवेअरमध्ये स्रोत म्हणून ‘ट्यूनर’ऐवजी ‘कॉम्पोझिट’ निवडावा आणि चित्रप्रणाली पाल, म्हणजे भारतात वापरली जाणारी, ठेवावी. या जोडणीत स्कॅन करावेच लागत नाही. वाहिनी बॉक्सच्या रिमोटने बदलायची असते. बॉक्सला फक्त आरएफ आउटपुट, म्हणजे अँटेनाच्या वायरीसारखी जोडणी, असेल, तरच एका वाहिनीपुरते स्कॅन लागते. त्यात देश ‘भारत’ किंवा प्रणाली ‘पाल-बी/जी’ असावी. यादीतले पहिले नाव म्हणून ‘यूएसए’ तसेच राहिले तर कार्ड वेगळ्या फ्रिक्वेन्सींवर शोधत बसते, आणि चुकून ‘पाल-आय’ निवडले गेले तर चित्र स्वच्छ येऊनही आवाजाच्या जागी नुसती खरखर ऐकू येते, कारण पाल-बी/जीमध्ये आवाजाची लहर चित्राच्या लहरीपासून ५.५ मेगाहर्ट्झवर असते आणि पाल-आयमध्ये ती ६ मेगाहर्ट्झवर असते.

दुसरी जात म्हणजे पेन ड्राइव्हसारखी दिसणारी यूएसबी स्टिक. ऑनलाइन स्वस्तात मिळते म्हणून ती अनेकांनी मागवली आहे. तिच्यावर ‘डिजिटल टीव्ही’ एवढेच ठळक छापलेले असते आणि बारीक अक्षरात डीव्हीबी-टी, म्हणजे अँटेनावरच्या डिजिटल प्रक्षेपणाची जुनी पद्धत, असे असते. दूरदर्शनची जमिनीवरील डिजिटल सेवा डीव्हीबी-टी२ या पुढच्या पद्धतीची आहे. २०१६ मध्ये ज्या १६ शहरांत तिची घोषणा झाली, त्यांत महाराष्ट्रातील मुंबई आणि तेव्हाचे औरंगाबाद ही दोनच शहरे होती. ही दोन्ही शहरे नाशिकपासून सुमारे दीडशे किलोमीटर किंवा त्याहून लांब आहेत, आणि मुंबईच्या दिशेला तर सह्याद्रीची रांगच आडवी येते. म्हणून इथे डीव्हीबी-टी काय किंवा टी२ काय, अँटेना कितीही उंच लावला तरी स्कॅनमधून काही मिळण्याची अपेक्षा ठेवू नये. घेण्यापूर्वी हे विचारणारा ग्राहक विरळा आणि सांगणारा दुकानदार त्याहून विरळा, याचे मला मनापासून वाईट वाटते.

उरतो तो डीव्हीबी-एस२ ट्यूनर, म्हणजे डिशचा. संगणकावर कोणतेही मासिक शुल्क न भरता वाहिन्या पाहण्याचा नाशिकमधला प्रत्यक्ष चालणारा मार्ग हाच आहे, कारण दूरदर्शनची फ्री डिश सेवा ९३.५ अंश पूर्व रेखांशावरील जीसॅट-१५ या उपग्रहावरून येते आणि तिच्यासाठी ठरावीक कंपनीच्या बॉक्सचे बंधन नाही. ट्यूनर नुसता डीव्हीबी-एसचा जुना असेल, तर त्याला एस२ पद्धतीने येणारे ट्रान्सपाँडर, म्हणजे उपग्रहावरून एकेका फ्रिक्वेन्सीवर एकत्र येणारे वाहिन्यांचे गट, दिसत नाहीत आणि यादी अर्धवट येते. यापुढचे सर्व विवेचन या डिशच्या ट्यूनरविषयीच आहे, कारण वारंवार उद्भवणारा आणि बुचकळ्यात पाडणारा त्रास याच प्रकारात जास्त होतो.

रात्री सापडतात, सकाळी सापडत नाहीत

सिडकोतील माझ्या ओळखीच्या एका काकांची तक्रार मला आजही जशीच्या तशी आठवते. “अहो, रात्री स्कॅन केले की सगळ्या वाहिन्या मिळतात. सकाळी चहा घेऊन बसलो की एकसुद्धा नाही. मी वेळा लिहून ठेवल्या आहेत, तुम्हीच बघा,” असे म्हणून त्यांनी छोटी वही पुढे केली. महिनाभराच्या नोंदी होत्या आणि त्यांत विलक्षण सातत्य होते : संध्याकाळी सात ते अकराच्या दरम्यान यश, सकाळी सहा ते आठच्या दरम्यान शून्य. त्यांना वाटत होते की सकाळच्या थंडीने एलएनबी, म्हणजे डिशसमोरच्या दांड्यावरची सिग्नल पकडणारी डबी, नीट चालत नसावी. तर्क वाईट नव्हता. पण नाशिकच्या थंडीने बंद पडणारी एलएनबी मी अजून पाहिलेली नाही, आणि शिवाय वही उन्हाळ्यातली होती.

त्यांच्या डिशची एकच वायर घरात येत होती. हॉलमध्ये एक स्प्लिटर लावून तिचे दोन फाटे केले होते. एक टीव्हीखालच्या सेट टॉप बॉक्सला गेला होता आणि दुसरा आतल्या खोलीतील संगणकाच्या यूएसबी ट्यूनरला. ट्यूनरवर निळा दिवा लागलेला होता, म्हणून त्याला वीज मिळते असे कोणालाही वाटले असते. पण त्याच्या मागच्या बाजूला अडॅप्टरचे गोल भोक मोकळे होते आणि सोबत आलेला १२ व्होल्टचा अडॅप्टर ‘यूएसबीवर चालते आहे ना’ म्हणून खोक्यातच राहिला होता.

इथेच सगळे उत्तर होते. गच्चीवरच्या एलएनबीला स्वतःची वीज नसते. ती त्याच वायरीतून खालून पाठवावी लागते. व्हर्टिकल ध्रुवीकरणासाठी, म्हणजे उभ्या लहरींसाठी, सुमारे १३ व्होल्ट आणि हॉरिझॉन्टलसाठी, म्हणजे आडव्या लहरींसाठी, सुमारे १८ व्होल्ट असा तिचा संकेत असतो, आणि यूएसबीच्या ५ व्होल्टवर बहुतेक ट्यूनर एवढी वीज पुरवू शकत नाहीत. काकांच्या घरी एलएनबीला वीज देत होता तो हॉलमधला बॉक्स. संध्याकाळी घरातली मंडळी मालिका पाहत असत, तेव्हा बॉक्स चालू असे, एलएनबी जागी असे, आणि स्प्लिटरमधून संगणकालाही सिग्नल मिळे. सकाळी टीव्ही बंद, बॉक्स बंद, एलएनबी बंद, आणि ट्यूनर बिचारा निर्जीव वायरीवर स्कॅन करत राही.

अडॅप्टर लावल्यावर सकाळचे स्कॅन लगेच झाले. तरीही मी त्यांना स्प्लिटर काढायला सांगितले, कारण एकाच एलएनबीला दोन यंत्रे दोन वेगळे व्होल्ट देऊ लागली की जास्त व्होल्ट देणाऱ्याचे चालते आणि दुसऱ्याच्या अर्ध्या वाहिन्या अधूनमधून गायब होतात. त्यांनी दोन आउटपुटची ट्विन एलएनबी लावून संगणकासाठी स्वतंत्र वायर ओढली. दोन यंत्रांसाठी हीच रचना मी सर्वांना सुचवतो. खर्च फार नाही आणि नंतरची कटकट कायमची जाते.

एलएनबीपर्यंत वीज पोहोचते का हे घरी तपासणे सोपे आहे. डिशजवळची वायर एलएनबीपासून काढावी, मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवावा, एक टोक मधल्या तांब्याच्या तारेला आणि दुसरे कनेक्टरच्या धातूच्या कडेला लावावे, आणि खाली कोणाला तरी संगणकावर एखादी फ्रिक्वेन्सी ट्यून करायला सांगावे. बरीच सॉफ्टवेअर ट्यून करतानाच वीज सोडतात, म्हणून नुसता संगणक चालू ठेवून मोजू नये. काटा १३ किंवा १८ च्या आसपास आला तर खालची बाजू ठीक आहे. शून्य आले तर अडॅप्टर, सॉफ्टवेअरमधील ‘एलएनबी पॉवर’ हा पर्याय आणि वाटेतले सांधे, याच क्रमाने पाहावे. वायर परत जोडण्यापूर्वी ट्यूनरची वीज बंद करावी, म्हणजे जोडताना शॉर्ट होऊन त्याचा भाग जळण्याची भीती राहत नाही.

एलएनबीचे गणित

वीज पोहोचत असूनही शून्य येत असेल, तर सॉफ्टवेअरमधले आकडे तपासावेत. सगळे ट्रान्सपाँडर एकदम स्कॅन करण्याची घाई करू नये. आधी एकच पकडावा. फ्री डिशसाठी मी ११०९० मेगाहर्ट्झ, व्हर्टिकल, सिंबॉल रेट (सिग्नलमधून माहिती येण्याचा वेग) २९५०० हा घेतो.

एलएनबी उपग्रहाची ही उंच फ्रिक्वेन्सी वायरीतून जाण्याजोगी खाली आणते. युनिव्हर्सल एलएनबीमध्ये खालच्या पट्ट्यासाठी ९७५० आणि वरच्या पट्ट्यासाठी १०६०० असे दोन आकडे असतात आणि ११७०० ला पट्टा बदलतो. ११०९० मधून ९७५० वजा केले की १३४० उरतात, आणि ट्यूनरला ९५० ते २१५० मेगाहर्ट्झ एवढेच ऐकू येते, म्हणून १३४० त्याच्या आवाक्यात आहे. पण सॉफ्टवेअरमध्ये चुकून एकच आकडा १०६०० भरलेला असेल, तर वजाबाकी ४९० येते. ती आवाक्याबाहेर असल्यामुळे ट्यूनर तिथे पोहोचतच नाही आणि कोणतीही तक्रार न करता शून्य दाखवतो. उलट, एलएनबीच मुळात १०६०० ची एकेरी असेल, तर सॉफ्टवेअरमध्ये ९७५० भरून काही उपयोग नाही. एलएनबीच्या पोटावर चिकटवलेल्या कागदावर हे आकडे छापलेले असतात. उन्हाने तो पुसट होतो, म्हणून नवी एलएनबी बसवण्याआधी मोबाइलवर त्याचा फोटो काढून ठेवावा.

एककांची चूकही फार होते. काही सॉफ्टवेअरना फ्रिक्वेन्सी मेगाहर्ट्झमध्ये, म्हणजे ११०९०, अशी हवी असते, तर लिनक्सच्या स्कॅन फायलींमध्ये ती किलोहर्ट्झमध्ये, म्हणजे ११०९००००, अशी लिहावी लागते आणि सिंबॉल रेट २९५००००० असा. शून्ये कमी-जास्त झाली तरी सॉफ्टवेअर चूक दाखवत नाही. जुन्या सॉफ्टवेअरसोबत आलेली उपग्रहांची यादीही डोळे झाकून वापरू नये. जीसॅट-१५ नोव्हेंबर २०१५ मध्ये सोडण्यात आला, म्हणून ९३.५ अंशांपुढे तुमच्या यादीत फक्त इन्सॅट-४बी हेच नाव दिसत असेल, तर ती यादी त्याआधीची आहे आणि तिच्यातले आकडे आज निरुपयोगी आहेत. एक ट्रान्सपाँडर नीट पकडला गेला की मग ‘नेटवर्क सर्च’ चालू करून पुढचे स्कॅन करावे, कारण प्रत्येक ट्रान्सपाँडर आपल्याबरोबर इतरांचा पत्ताही पाठवत असतो.

दोन पट्ट्या काय सांगतात

सॉफ्टवेअरमध्ये सिग्नलच्या दोन पट्ट्या असतात, स्ट्रेंग्थ आणि क्वालिटी. स्ट्रेंग्थच शून्य असेल तर दोष विजेत किंवा वायरीत आहे. स्ट्रेंग्थ भरपूर आणि क्वालिटी शून्य, ही अवस्था सर्वांत फसवी असते, कारण एलएनबीला वीज मिळाली की तिचा स्वतःचा गोंगाटही स्ट्रेंग्थ म्हणून दिसतो. तेव्हा एक तर आकडे चुकले आहेत किंवा डिश भलतीकडे पाहत आहे.

नाशिकमधून जीसॅट-१५ साठी डिशची दिशा उत्तरेपासून घड्याळाच्या काट्याप्रमाणे मोजल्यास सुमारे १३४ अंश, म्हणजे जवळपास नेमकी आग्नेय, आणि क्षितिजापासूनची उंची सुमारे ५७ अंश येते. हे आकडे मी नाशिकच्या अक्षांश-रेखांशांवरून काढले आहेत. गंगापूर रोड असो वा नाशिक रोड, फरक पडत नाही. मोबाइलचे होकायंत्र वापरताना लोखंडी जिना आणि स्लॅबमधून वर आलेल्या सळया यांच्यापासून चार पावले दूर उभे राहावे, नाहीतर ते हमखास चुकवते. घरगुती डिश ऑफसेट, म्हणजे सिग्नल तिरपा झेलून खाली बसवलेल्या एलएनबीकडे वळवणारी, असल्यामुळे तिची थाळी ५७ अंशांकडे पाहते असे वाटत नाही, ती बरीच उभी दिसते. म्हणून नजरेच्या अंदाजाने तिला आणखी मागे झुकवू नये, ब्रॅकेटवरील अंशांच्या खुणांवर विश्वास ठेवावा. एलएनबीही सरळ उभी ठेवून चालत नाही. डिशच्या मागे उपग्रहाकडे तोंड करून उभे राहिल्यास ती घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने सुमारे ४३ अंश फिरवलेली असावी लागते. हे फिरवणे राहून गेले की ताकदीच्या वाहिन्या येतात आणि बाकीच्या कधी सापडतात, कधी नाही.

९५ अंशांवर सशुल्क डीटीएच सेवेचा उपग्रह आहे. डिश दीड अंश जरी सरकली तरी ती त्याच्याकडे वळते, क्वालिटी दिसू लागते, आणि स्कॅन केले की कुलूप लागलेल्या वाहिन्या मिळतात. यादीत डीडी सह्याद्री दिसत नसेल, तर मी आधी डिशच तपासतो.

झाड किंवा शेजारची नवी इमारत आड येते का, हे ओळखण्याची एक खात्रीची रीत आहे. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला, सकाळी अकराच्या सुमारास सूर्य नाशिकहून पाहिल्यास नेमका या उपग्रहाच्या मागे येतो. त्या वेळी डिशवर स्वच्छ ऊन असेल तर वाट मोकळी आहे. आंब्याची किंवा पाण्याच्या टाकीची सावली डिशवर पडत असेल, तर सिग्नलही तिथेच अडतो आहे. त्या दिवसांत काही मिनिटे क्वालिटी आपोआप कोसळते, कारण सूर्याचा गोंगाट उपग्रहाच्या सिग्नलवर मात करतो. तेवढ्या वेळात स्कॅन करू नये, आणि कशालाही हात लावू नये.

पावसाळ्यानंतर परतणारा दोष

दरवर्षी ऑगस्टनंतर ‘गेल्या महिन्यापर्यंत छान चालत होते’ अशा तक्रारी वाढतात. मुसळधार पावसात सिग्नल तात्पुरता क्षीण होतो आणि पाऊस थांबला की परत येतो, त्याची चिंता नको. पण ऊन पडल्यावरही स्कॅन अर्धवट राहत असेल, तर एलएनबीच्या तोंडचा एफ-कनेक्टर, म्हणजे वायरीच्या टोकाचा धातूचा जोड, उघडून पाहावा. मी उघडलेल्या एका कनेक्टरमध्ये मधली तार हिरवट काळी पडली होती, आणि वायरीतल्या बाहेरच्या जाळीचा केसाएवढा एक तंतू तिला चिकटून बसला होता. कोरडे असताना तो तंतू किंचित दूर राही आणि दमट हवेत टेकत असे. टेकला की शॉर्ट होऊन ट्यूनर आपली वीज तोडून टाकी. वायरीचे टोक चार बोटे कापून टाकले, जाळी नीट मागे वळवली, मधली तार दोन-तीन मिलिमीटर बाहेर ठेवून नवा कनेक्टर बसवला आणि त्यावर पाणी न शिरणारी टेप गुंडाळली, एवढ्याने काम झाले. वायर एलएनबीपाशी खाली झोळ देऊन बांधावी, म्हणजे पाणी वायरीवरून कनेक्टरकडे न जाता झोळातून टपकते.

संगणक बंद करून चालू केल्यावरच दर वेळी स्कॅन फसत असेल, तर दुसरे एखादे सॉफ्टवेअर ट्यूनर आधीच धरून बसले आहे का ते पाहावे. लिनक्सवर टीव्हीहेडएंडसारखी सेवा पार्श्वभूमीत सुरू होते आणि मग काफीन या टीव्ही पाहण्याच्या सॉफ्टवेअरला ट्यूनर मिळत नाही. विंडोजवर यूएसबीची वीज वाचवण्याचा पर्याय बंद करून पाहावा.

फ्री डिशवरील जागांचा प्रसार भारती ठरावीक काळाने ई-लिलाव करते आणि त्यानंतर वाहिन्यांच्या जागा बदलतात. अशा वेळी एखादी वाहिनी अचानक नाहीशी झाली म्हणून डिश हलवू नये. एकच ट्रान्सपाँडर ट्यून करून क्वालिटी पाहावी, ती पूर्वीइतकीच असेल तर जुनी यादी दुसऱ्या नावाने जपून ठेवावी आणि नव्याने पूर्ण स्कॅन करावे. सिडकोतले काका आता त्या वहीत वेळांऐवजी क्वालिटीचा आकडा लिहितात, आणि तो एकदम खाली आला तरच गच्चीवर जातात.